भर बाजारात तैलरंग

राजुरेश्वराच्या गडाखाली अंगारकीच्या दिवशी जी गर्दी उसळते, ती आपण सर्वजणी लहानपणापासून पाहत आलो आहोत. नारळ-फुलांची दुकाने, कडेवर लेकरू घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाया, उन्हात चमकणारी स्टीलची भांडी. असे रोजचे किंवा सणावाराचे दृश्य जागेवरच उभे राहून तैलरंगात उतरविण्याची रीत आपल्याकडे कशी आली, आणि ते उतरविणाऱ्यांत आपल्या भगिनी इतक्या थोड्या का, हे जरा तपासून पाहावे असे मनात आले.

तैलरंग म्हणजे रंगाची पूड तेलात, बहुधा जवसाच्या तेलात, घोटून केलेला रंग. जवस हे मराठवाड्यातले रब्बीचे जुने पीक. आपण त्याची चटणी करतो, चित्रकार त्याच्या तेलात आकाश रंगवितो! हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते आणि पातळ थर वाळावयासही काही दिवस लागतात. तोवर उडालेली धूळ त्याला चिकटते, माशी बसली तर तिचे पाय रुततात. शिवाय सकाळची सावली दोन तासांत सरकून जाते. पूर्वी हा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. 1841 साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची दाबावयाची नळी काढली आणि रंगपेटी काखोटीला मारून बाहेर पडणे सोपे झाले. फ्रान्समधील चित्रकारांनी पुढे रस्ते, पूल, नदीकाठ उघड्यावर बसून रंगविले, त्यात ह्या नळीचा मोठा हात आहे.

आपल्या भागात तैलरंग आले ते मात्र बाजारात नव्हे, लेण्यांत. भोकरदनवरून उत्तरेस गेले की अजिंठा. तेथे 1844 पासून कॅप्टन रॉबर्ट गिल ह्याने भिंतींवरील चित्रांच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगात केल्या. त्यातील बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. (त्याच्यासोबत राहिलेल्या पारूचे नाव ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' काव्यामुळे आपल्या ओठांवर आहे. गिलच्या नकला आपल्यापैकी कोणी पाहिल्या आहेत?) पुढे 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तेथे येत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. त्यांच्याही नकलांतील पुष्कळशा 1885 च्या आगीत लंडनमध्ये गेल्या. पण ह्या निमित्ताने मुंबईच्या मुलांचा हात तैलरंगात बसला.

1857 मध्ये निघालेल्या ह्या कलाशाळेतून शिकलेल्यांनी मग आपल्या भोवतालच्या माणसांकडे पाहावयास सुरुवात केली. ल. ना. तासकरांनी देवळे, बाजार आणि मराठी घरातले व्यवहार रंगविले. रावबहादूर म. वि. धुरंधर (1867–1944) ह्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे इतकी काढली की त्यांच्या चित्रांवरून त्या काळचे लुगडे नेसण्याचे प्रकार सांगता येतील. एडवर्ड्स ह्या अधिकाऱ्याच्या मुंबईवरील पुस्तकातली 1912 सालची चित्रे त्यांचीच. रस्त्यावर मात्र ह्या मंडळींना जलरंग अधिक सोयीचे वाटत. तैलरंगाचे मोठे काम घरी खोलीत होई. 1930 च्या दशकाच्या अखेरीस नाझींच्या भयाने ऑस्ट्रिया सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर मुंबईत वर्तमानपत्राचे कलासंचालक झाले. त्यांनी भडक उन्हातले देशी बाजार जाड तैलरंगात रंगविले, आणि रझा, आरा अशा तरुणांना त्यांचा आधार लाभला.

ह्या साऱ्या चित्रांत बाई सर्वत्र आहे. ती भाजी विकते, पाणी आणते, देवळातून परतते. रंगपेटीजवळ मात्र ती दिसत नाही. शिक्षण नव्हते म्हणावे तर तेही पूर्ण खरे नाही. धुरंधरांच्या कन्या अंबिका ह्यांनी 1931 साली जे. जे. ची पदविका घेतली. अँजेला त्रिंदाद ह्याही तेथेच शिकल्या. अमृता शेरगिल 1936 च्या अखेरीस अजिंठ्याला येऊन गेली, 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक तिला मिळाले, आणि त्याच वर्षी बाजाराला निघालेल्या दक्षिणी खेडुतांचे मोठे तैलचित्र तिने केले. पण ते सिमल्यास, आपल्या चित्रशाळेत.

मला वाटते, अडचण थांबण्याची होती. बाजारातून जावयास बाईला मनाई नव्हती. पिशवी घेऊन जावे, घासाघीस करावी, परतावे. पण काही विकत न घेता, कोणाची वाट न पाहता, दोन तास एकाच जागी उभे राहावयाचे आणि लोकांकडे टक लावून पाहावयाचे, हे पुरुषाला शोभे, बाईला नाही. मॅरिअन नॉर्थ ही इंग्रज बाई 1877 ते 1879 हिंदुस्थानभर फिरून उघड्यावर तैलरंगात झाडे आणि देखावे रंगवीत होती. तिची आठशेहून अधिक चित्रे लंडनच्या क्यू बागेत 1882 पासून मांडलेली आहेत. ती उभी राहू शकली, कारण ती राज्यकर्त्यांच्या समाजातली होती आणि पदरी पैसा होता. धुरंधरांच्या चित्रातल्या माळिणीला हे दोन्ही नव्हते.

ह्यात तोटा बायांचा झाला, तसा चित्रांचाही. रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला पदराची घडी दिसते. पण ताजवा तोलताना विकणारणीची नजर कोठे जाते, हे समोर बसून रोज भाजी घेणारीला ठाऊक असते. ती चित्रे निघालीच नाहीत.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या आपल्या मुलींना विचारा. स्मरणचित्राच्या पेपरासाठी आठवडी बाजार, बसस्थानक, जत्रा ह्यांचा सराव त्यांनी केलेला असतो. वर्गात बाकावर बसून, आठवणीने. मुंबई-पुण्यात आता रविवारी सकाळी रस्त्याकडेला बसून चित्रे काढणाऱ्यांचे गट असतात आणि त्यांत बायकाही बसतात. हातात बहुधा पेन आणि जलरंगाची छोटी डबी असते. तैलरंगाची पेटी त्यांत क्वचितच दिसते. ती जड असते, आणि ओले चित्र बसमधून घरी न्यावयाचे म्हणजे दोन्ही हात अडकतात.