हरताळाखालची अक्षरे



‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वजण वापरतो. एखाद्याने दिलेल्या शब्दाला हरताळ फासला असे म्हणताना त्यामागे पोथी लिहिणारा लेखनिक उभा आहे, हे मात्र बहुधा आपल्या ध्यानात नसते. छापखाना येण्यापूर्वी लेखनिकाच्या हातून चूक झाली, की तो चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देई आणि लेप सुकल्यावर त्यावर शुद्ध पाठ लिही. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात ज्यांनी जुन्या पोथ्या हाताळल्या असतील, त्यांना हे पिवळे डाग नवे नाहीत. कालांतराने लेप झिजतो, त्याच्या खपल्या पडतात आणि खालचे अक्षर पुन्हा डोके वर काढते, हेही त्यांना ठाऊक असते. पाठसंशोधकाला तर शुद्ध पाठापेक्षा या झाकलेल्या पाठाचेच अप्रूप अधिक. लेखनिकाने काय खोडले, हे कळले की तो कोणती प्रत पाहून लिहीत होता याचा माग लागतो.

पोथीपुरती ही गंमत आहे. राज्यकर्ते जेव्हा सुरक्षेच्या कागदांवर असाच लेप देतात आणि आपण मजकूर नाहीसा केला अशा समजुतीत राहतात, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर होते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या गावापासूनच करता येतो.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांना आपल्या पपनसाच्या सरबतात विष मिसळल्याचा संशय आला. पेल्यातील गाळाचे पृथक्करण झाले आणि त्यात सोमल व हिऱ्याची पूड असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. (हरताळ हेही सोमलाच्याच कुळातले, हा केवळ योगायोग!) अवघ्या आठवड्यापूर्वी, २ नोव्हेंबरला, फेअर यांना बडोद्याहून हलवावे असा खलिता मल्हारराव महाराजांनी व्हाइसरॉयकडे धाडला होता. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीपासून सहा जणांच्या चौकशी मंडळापुढे काम सुरू झाले. सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. सर रिचर्ड मीड, मेल्व्हिल, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे इतर सभासद. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. मंडळात तीन विरुद्ध तीन असा मतभेद झाला. विषप्रयोग सिद्ध झाला नाही असे तिघा हिंदी सभासदांचे मत पडले. तरीही एप्रिलमध्ये महाराजांना गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत करण्यात आले. पुढची कथा, म्हणजे कवळाण्याच्या गोपाळरावांचे सयाजीराव होणे, येथील मुलामुलांना पाठ आहे. तिची पुनरुक्ती करीत नाही.

मला त्या खटल्यातील दोन गौण वाटणाऱ्या गोष्टींकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. पहिली रेसिडेन्सीची. लाखेच्या मोहरा, कुलपे, पहारे यांनी बंदिस्त असलेल्या त्या बंगल्यातील बातमी राजवाड्यात पोहोचत असे, ती कोणाकडून? सरकारपक्षाच्या पुराव्याप्रमाणे अमीना आया, रावजी हवालदार आणि नरसू जमादार यांच्याकडून. दिवाणखान्यात साहेबलोक बोलत असता जी माणसे दाराशी उभी असत, त्यांना कान असतात हे कोणी गृहीतच धरले नव्हते.

दुसरी गोष्ट शाईची. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत हे माफीच्या आश्वासनावर सरकारपक्षाचे साक्षीदार झाले. त्यांच्या ताब्यातील खाजगी खात्याचे जे हिशेबी कागद पुढे आले, त्यांतील काही नोंदींवर शाई ओतलेली होती. नोंद झाकण्यासाठी आपणच ती घालविली, अशी त्यांची जबानी. आता विचार करा. कागद फाडला असता, जाळला असता, तर त्या जागी काही होते हे कोणाला कळले असते? चोपडीतल्या शेकडो नीरस नोंदींत ती एक ओळ कदाचित कोणाच्या नजरेसही पडली नसती. शाईने मात्र तिच्याभोवती जणू कुंपणच घातले, आणि चौकशी करणारे नेमके तेथे थांबले. बॅलंटाइन यांनी दामोदरपंतांच्या साक्षीवर कडाडून हल्ला चढविला. माझ्या मते त्या डागाचे दोन्ही अर्थ संभवतात: धन्याचे कृत्य लपविण्यासाठी शाई पडली असेल, किंवा नोकराने स्वतःची अफरातफर झाकण्यासाठी. डागाला साक्ष देता येते, पण उलटतपासणी देता येत नाही.

हे झाले राजवाड्यातले. इंग्रज सरकारची रीत निराळी होती. ते झाकण्याच्या भानगडीत पडत नसे. सरसकट कुलूप लावी. पुण्याच्या एलिअनेशन ऑफिसातील पेशवे दफ्तर हे त्याचे ढळढळीत उदाहरण. इनामांचे जुने हक्क शाबीत करणारे कागद बाहेर गेले तर दाव्यांचा पूर येईल, या भीतीने शतकापूर्वीच्या स्वाऱ्यांचे आणि लग्नमुंजींचे कागदही संशोधकांना दुर्मीळ झाले. राजवाड्यांसारखा इतिहासाचार्य गावोगाव रुमाल शोधीत हिंडला, आणि पुण्यातला सर्वांत मोठा संग्रह त्याला बंद राहिला. तो संग्रह निवडून छापण्याचे काम अखेर आपल्या बडोदे संस्थानात १८८९ पासून छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या गो. स. सरदेसायांकडे आले, आणि १९३० नंतर काही वर्षांतच त्याचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. साम्राज्य त्यामुळे कोसळल्याचे ऐकिवात नाही.

सरदेसाई बडोद्यास नोकरीला लागले त्याच १८८९ च्या ऑक्टोबर महिन्यात कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने गिलगिट-काश्मीरविषयीचे परराष्ट्र खात्याचे एक गुप्त टिपण छापले, आणि त्याच महिन्यात हिंदुस्थानात सरकारी गुपितांचा पहिला कायदा मंजूर झाला. १९२३ साली त्याची जागा ज्या कायद्याने घेतली, तो स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला.

मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशोदेशी माहितीच्या हक्काचे कायदे आले. आपल्याकडे तो २००५ साली आला. सरसकट कुलूप लावण्याची सोय संपली. कागद द्यावयाचा, परंतु त्यातील खरोखर गुप्त तेवढा भाग वगळून, असे नवे काम सरकारी कचेऱ्यांच्या गळ्यात पडले. म्हणजे लेखनिकाचा हरताळ पुन्हा आला. या वेळी तो काळ्या रंगाचा होता, आणि संगणकावर होता.

संगणकावरील पान कागदासारखे एकपदरी नसते. एका पदरात अक्षरे असतात, तर त्यांवर दुसऱ्या पदरात चित्रे, रेघा, चौकटी बसविता येतात. कारकून गुप्त ओळीवर काळी चौकट ठेवतो. पडद्यावर ओळ दिसेनाशी होते, छापून काढली तरी दिसत नाही. फाइलीत मात्र ती जशीच्या तशी असते. तेवढा भाग निवडून कोऱ्या पानावर उतरविला, की शाळकरी मुलालाही ती वाचता येते.

४ मार्च २००५ रोजी बगदादच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी अमेरिकन सैनिकांच्या गोळीबारात ठार झाले. एका ओलीस महिला पत्रकाराची सुटका करून ते तिला परत आणीत होते. अमेरिकन सैन्याने चौकशीचा अहवाल काळ्या चौकटी घालून प्रसिद्ध केला. थोड्याच वेळात इटलीत त्या चौकटींखालचा मजकूर वाचला जाऊ लागला: नाक्यावरील सैनिकांची नावे, नाके उभारण्याची पद्धत, सारे काही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने असा मजकूर खरोखर कसा काढून टाकावा, याची मार्गदर्शिकाच काढली. पण ती वाचली कोणी? चार वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, तेथील विमानतळांवर प्रवाशांची झडती कशी घ्यावी याची ९३ पानी नियमपुस्तिका सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर सापडली, आणि तिच्यातल्या काळ्या चौकटीही अशाच फसव्या निघाल्या. कोणत्या बारा देशांच्या पारपत्रधारकांची अधिक तपासणी करावी, हे जगजाहीर झाले. एप्रिल २०११ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयावर तीच पाळी आली. तेथे तर मजकूर अणुपाणबुड्यांच्या सुरक्षिततेविषयी होता.

यात दोष यंत्राचा नव्हे. गुप्त काय, हे ज्याला समजते तो अधिकारी चौकट बसवीत नाही, आणि जो बसवितो त्याला हुकमापलीकडे काही ठाऊक नसते. तपासणारा डोळ्यांनी पाहतो आणि समाधान पावतो. रेसिडेन्सीच्या दारातल्या माणसांना जसे कोणी हिशेबात धरले नव्हते, तसाच हा फाइलीतला खालचा पदर.

आपल्याकडील एक प्रसंग याहून चमत्कारिक आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्या बांधण्याचे काम चालू असता ऑगस्ट २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने त्यांच्याविषयीची सुमारे २२,४०० पाने फुटल्याचे जाहीर केले. कागद मूळ फ्रेंच कंपनीचे होते. वृत्तपत्राने त्यांतील काही पाने संकेतस्थळावर ठेवली, पण नाजूक भाग स्वतःच काळे करून. आपल्या नौदलाने पाहणीअंती सांगितले, की महत्त्वाचे तपशील काळे केलेले असल्यामुळे प्रसिद्ध झालेल्या पानांनी धोका नाही. राष्ट्राचे गुपित परदेशी संपादकाच्या काळ्या चौकटीवर विसंबले, असा प्रसंग इतिहासात विरळाच. १४ डिसेंबर २०१७ रोजी त्यांतील पहिली पाणबुडी ‘कलवरी’ मुंबईतच नौदलात दाखल झाली.

२००५ च्या आपल्या माहिती अधिकार कायद्यात दहावे कलम आहे. त्यात झाकण्याची भाषा नाही, वेगळे करण्याची आहे. वगळावयाचा भाग अलग करून उरलेला कागद नागरिकाला द्यावा, असे ते सांगते. कागदाचा केवळ काही भाग देत आहोत, तो का, आणि तसा निर्णय देणाऱ्याचे नाव व हुद्दा काय, हे अर्जदाराला लेखी कळविणेही त्या कलमाने अधिकाऱ्यावर बंधनकारक केले आहे.