वळिवड्याचें लोपलेलें नगर

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत आगगाडीचा इतिहास कशाला, असें कोणी विचारील. पेठ वडगांवास तर रुळांचा स्पर्शहि झाला नाहीं. सेनापति धनाजी जाधवांची समाधि आणि सोमवारचा बाजार यांमुळें ही पेठ जुनी व नामांकित. तथापि १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला तो वडगांवास टाळून, दक्षिणेकडून, हातकणंगले, रुकडी, वळिवडें या वाटेनें गेला. व्यापार रुळांकडे ओढला जाणें ओघानेंच आलें. राजर्षि शाहू महाराजांनीं वसविलेलें जयसिंगपूर हें त्याच मार्गाचें अपत्य होय.

परंतु आम्हां कॅथलिकांस त्या मार्गावरील एका निराळ्याच नगराचें विस्मरण होऊं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडांतील लक्षावधि माणसें सायबेरिया व मध्य आशिया यांत हद्दपार केलीं. १९४१ नंतर त्यांतील कांहीं सुटलीं, इराणमार्गें हिंदुस्थानांत पोहोंचलीं, आणि १९४३ पासून वळिवड्याच्या माळावर त्यांची वसाहत उभी राहिली. सुमारें पांच हजार जीव. बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध, कारण कर्ते पुरुष सैन्यांत होते किंवा हद्दपारींतच मेले होते. लांबच लांब बराकी, शाळा, इस्पितळ, बालवीरांचीं पथकें, आणि १९३८ सालीं संतपदास चढलेले पोलिश हुतात्मे संत आंद्रेय बोबोला यांच्या नांवाचें देऊळ, एवढा संसार एका लहानशा स्टेशनाच्या आश्रयानें थाटला गेला.

मिस्सा तेव्हां लॅटिन भाषेंत होई. त्यामुळें वळिवड्यांतील पोलिश विधवेच्या कानीं पडणारे शब्द आणि आमच्या आज्या आपल्या गांवीं ऐकत ते शब्द एकच होते. अर्थ मात्र दोघींसहि सारखाच दुर्बोध असावा!

युद्ध संपलें, तरी या लोकांस घर मिळालें नाहीं. त्यांचीं गांवें सोव्हिएट हद्दींत गेलीं होतीं. ज्या स्टेशनावर तीं माणसें उतरलीं, तेथूनच तीं पांगलीं. बरींच इंग्लंडास, कांहीं ऑस्ट्रेलिया व अमेरिकेस, कांहीं पोलंडास. १९४८ सालीं वसाहत मिटली. पांच वर्षें, एवढेंच त्या नगराचें आयुष्य. मागोमाग फाळणीनें उखडलेले सिंधी बांधव त्याच बराकींत आले. त्यांच्या गांधीनगराची कापडाची घाऊक पेठ सर्वश्रुत आहे. निर्वासितांच्या घरीं निर्वासितच यावे, याचें आम्हांस फार नवल वाटतें. १९७१ सालीं मीटर गेज जाऊन रुंद मार्ग आला, आणि पोलिश माणसांना घेऊन आलेले रूळहि गेले.

राहिल्या त्या कबरी. कोल्हापुरांत त्यांची दफनभूमि आहे. १९९८ सालीं महावीर उद्यानांत स्मृतिस्तंभ झाला, २०१९ सालीं वळिवड्यासहि स्मारक उभें राहिलें. सरकारांनीं आपलें काम केलें, तें योग्यच. पण मृतांसाठीं प्रार्थना करणें हें सरकारचें काम नव्हे. त्यांचीं नातवंडें सातासमुद्रांपलीकडे आहेत. आम्ही तासाभराच्या वाटेवर आहों. येत्या २ नोव्हेंबरास, मृत भाविकांच्या स्मरणदिनीं, आपल्या कबरींसाठीं मेणबत्त्या घेतांना चार अधिक घ्याव्या, अशी धर्मग्रामाच्या मंडळींस आमची विनंति आहे.