मृगसाल आणि धरणाचा आकडा

दौंड तालुक्यातले खुटबाव पर्जन्यछायेतले गाव आहे. इथल्या आकाशाकडे पाहून इथल्या नदीचा अंदाज बांधता येत नाही. माथ्यावर ऊन असते आणि उत्तरेकडून वाहणारी मुळा-मुठा मात्र गढूळ होऊन फुगलेली असते. पाऊस पडतो तो टेमघर, वरसगाव, पानशेतच्या डोंगरांत. तो खडकवासल्यात येतो, तिथून पुणे शहरातून खाली उतरतो आणि खुटबावच्या शिवारापुढे जाऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतो. जुना मुठा उजवा कालवा, ज्याला लोक बेबी कालवा म्हणतात, तोही मूळ त्याच खडकवासल्याचा. म्हणजे टंचाईत कालव्याकडे आणि पुरात नदीकडे बघायचे, पण दोन्ही वेळेला आकडा एकाच धरणाचा विचारायचा.

हा आकडा ठेवण्याची रीत आमच्या इतिहासात किती मागे जाते, हे शोधू लागलो तेव्हा आम्हाला धरणाआधी पंचांग भेटले.

हिजरी सन चांद्र आहे. तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, म्हणून मोहरम कधी पावसात येतो, कधी थंडीत. इबादतीला त्याने काही बिघडत नाही. सारावसुलीला मात्र बिघडते. पीक काही चंद्र पाहून उगवत नाही. म्हणून मुहम्मद तुघलकाच्या काळात, 1344 साली, दख्खनेत शुहूर सन सुरू झाला. आकडा हिजरीचाच घेतला, 745, पण वर्ष सूर्याचे केले आणि सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवे वर्ष धरले. त्यालाच मृगसाल किंवा अरबी सन म्हणत. पुढे बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मराठेशाहीतही तो चालला. पेशवे दप्तराच्या मोडी कागदांवर इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे अरबी आकडे दिसतात ते याच सनाचे. मोडी लिहिणारा कुलकर्णी अरबी अंक लिहीत होता आणि त्याचे वर्ष पावसाने उघडत होते! आमच्या माणसांना हे शाळेत कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही.

आज पाटबंधारे खात्याच्या तक्त्यातला पाऊस 1 जूनपासून मोजतात. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. अंतर आठवड्याचे.

पण वर्ष पावसाने सुरू करणे वेगळे आणि वरच्या पावसाची खबर खाली पोचवणे वेगळे. 1 ऑक्टोबर 1700 च्या रात्री औरंगजेबाची छावणी माण नदीवर खवासपूरला होती. ते गाव आजच्या सोलापूर जिल्ह्यातले, आणि माण ही भीमेचीच उपनदी. पावसाळा सरला असे धरून काठांवर आणि कोरड्या पात्रातही तंबू ठोकले होते. वर डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास लोंढा छावणीत शिरला. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटले, मराठे घुसले. घाईत उठताना पाय घसरून त्याचा उजवा गुडघा निखळला तो पुरता बरा झालाच नाही. दरबाऱ्यांनी समजूत घातली की हा तर तैमूरलंगाचा वारसा. एवढा मोठा बादशहा, जागोजागी हरकारे आणि वाकनवीस. पण शत्रूची बातमी आणणारे पुष्कळ होते, नदीची आणणारा कोणी नव्हता. आमच्याकडे इतिहास म्हणजे लढाया, म्हणून ही रात्र पुस्तकांत तळटीपेपुरती उरते. आम्हाला ती एखाद्या लढाईएवढीच मोलाची वाटते.

12 जुलै 1961 ला खबर होती. काम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण खचत असल्याचे अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी कळले होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि फुटणे सकाळपर्यंत लांबवले. लोंढा रात्री आला असता तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. दुपारी खडकवासला फुटले. जाणणारे जाणत होते, पण पेठांतल्या घराघरांत ते वेळेवर पोचले नाही.

आता मोजमाप पक्के आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. सुमारे 11,574 क्युसेक पाणी चोवीस तास सोडले की एक टीएमसी होते. खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहूनही थोडा कमी, पानशेतचा साडेदहाच्या वर, वरसगावचा पावणेतेराच्या आसपास. वरची दोन मोठी भांडी एका छोट्या वाटीत ओतली जातात असे समजा. म्हणून घाटात जोर असला की खडकवासल्याला पाणी धरून ठेवता येत नाही, दरवाजे उघडावेच लागतात. पुढे बंडगार्डनला मोजणी, मग दौंडला, आणि शेवटी उजनी. तिथला मृतसाठाच 63 टीएमसीहून जास्त आहे. वर्तमानपत्रांत हे आकडे रोज येतात.

तरीही 25 जुलै 2024 च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि इशारा वेळेत मिळाला नाही अशी तक्रार रहिवाशांनी केली. धरणापासून हाकेच्या अंतरावरच्या शहरात ही गत, तर खाली नदीकाठच्या गावांचे काय?

वाळकीच्या संगमाकडे काठावर मोटारी बसवलेल्या शेतकऱ्याला पस्तीस हजार क्युसेक या शब्दांनी काहीच कळत नाही. त्याला हवे असते ते एवढेच, की पाणी कुठल्या बांधापर्यंत येईल आणि किती वाजता. ते सांगायला चावडी आहे, देवळाचा भोंगा आहे, मशिदीचाही आहे. त्याला मोटार अंधार पडायच्या आत वर ओढायची असते. अंधारात पात्रात उतरायला घरचे लोक जाऊ देत नाहीत.