वीस वर्षं उशिरा आलेलं उत्तर

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरात मोहरीची उशी पाहिली असेल. बाळाचं डोकं छान गोल यावं म्हणून ती पहिल्या काही आठवड्यांतच डोक्याखाली येते. का ठेवायची, असं विचारलं की आजीचं उत्तर तयार असतं, "आमची सगळी अशीच वाढली." संशोधनाची तयारी करताना या वाक्याला हसू नका. त्यात एक मोठी चूक आहे हे खरं: जी वाढली नाहीत, ती या हिशेबात धरलेलीच नाहीत. पण नेमकी हीच चूक विसाव्या शतकात शिकलेल्या डॉक्टरांनीही केली, आणि तिची किंमत हजारो बाळांनी मोजली. ती गोष्ट आज सांगतो.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली आलं आणि कोट्यवधी प्रती खपून घरोघरी पोचलं. पन्नाशीच्या दशकातल्या आवृत्तीत सल्ला होता की बाळाला पालथं झोपवावं. कारण काय? उताणं बाळ ओकलं तर ते घशात अडकून गुदमरेल. शिवाय डोकं एका बाजूनं चपटं होईल. ऐकायला किती पटतं बघा! आपल्यालाही पटलंच असतं.

पुढे या सल्ल्याला आणखी एक आधार मिळाला. अपुऱ्या दिवसांची बाळं रुग्णालयात पालथी ठेवली की त्यांचा श्वास सुधारतो, असं दिसलं. ते खरंच होतं. पण त्या बाळांवर चोवीस तास लक्ष होतं. तोच निष्कर्ष घरी रात्री एकट्या झोपणाऱ्या निरोगी बाळाला लावला गेला. आपण शोधप्रबंधात ज्याला 'नमुन्याबाहेरचं सामान्यीकरण' म्हणतो ना, ते हेच.

दुसऱ्या बाजूला पुरावा साठत होता. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड अब्रॅमसन यांनी अंथरुणात गुदमरून गेल्याची नोंद असलेली बाळं तपासली. त्यांतली बहुसंख्य पालथी सापडली होती. मात्र त्यांच्याकडे तुलनेला जिवंत बाळांचा गट नव्हता. तेव्हा बहुतेक बाळं पालथीच झोपत असतील, तर हा आकडा काहीच सांगत नाही. म्हणजे शंका घेणाऱ्यांचंही चुकलं नव्हतं.

तुलनेचा गट घेऊन केलेले अभ्यास पुढे आले. इंग्लंडमध्ये कारपेंटर आणि शॅडिक यांचा १९६५ साली, उत्तर आयर्लंडमध्ये फ्रॉगट यांचा १९७० साली. पण १९६५ च्या त्या निबंधाचं शीर्षक जंतुसंसर्ग, गुदमरणं आणि बाटलीच्या दुधाबद्दल होतं. झोपण्याची स्थिती ही आतल्या तक्त्यातली अनेकांपैकी एक ओळ. ती ओळ शोधायला कोण जाणार?

२००५ मध्ये लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि सहकारी गेले. त्यांनी दोन कामं एकत्र केली. एक, झोपण्याच्या स्थितीबद्दलचे सगळे जुने अभ्यास गोळा करून वर्षानुवर्षांच्या क्रमानं आकडे एकत्र केले. दोन, १९४० ते २००२ या काळातली पालकांसाठीची पुस्तकं काढून कोणत्या वर्षी काय सल्ला दिला जात होता ते नोंदवलं. मग दोन्ही रांगा शेजारी शेजारी ठेवल्या.

निकाल असा: १९७० पर्यंतचे दोनच अभ्यास एकत्र केले तरी उताण्याच्या तुलनेत पालथ्या झोपेचा ऑड्स रेशो २.९३ येतो. कॉन्फिडन्स इंटरव्हल १.१५ ते ७.४७. पट्टा रुंद आहे, पण एकच्या वर आहे. सल्ला मात्र त्यानंतरही जवळजवळ दोन दशकं चालू राहिला. त्यांच्या अंदाजानं, पुरावा वेळेवर एकत्र केला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती.

शेवटी बदल झाला. नेदरलँड्समध्ये १९८७ मध्ये, ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९२ मध्ये पालथं न झोपवण्याचा सल्ला देण्यात आला. अमेरिकेत अचानक होणाऱ्या या मृत्यूंचं प्रमाण १९९२ मध्ये दर हजार जन्मांमागे १.२ होतं, २००१ मध्ये ते ०.५६ वर आलं. आणि ओकून गुदमरण्याची भीती? तसे मृत्यू वाढले नाहीत. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध परत अन्ननलिकेकडे जातं. पालथं केलं की रचना उलटी होते. ज्या शरीररचनेचा दाखला देऊन सल्ला दिला होता, तीच त्याच्या विरुद्ध होती!

उशीचा धागा इथेच जुळतो. १९९१ मध्ये केम्प आणि थॅच यांनी बारीक थर्मोकोलचे मणी भरलेल्या बाळ-गाद्यांवरचे मृत्यू तपासले. बाळाचं तोंड मऊ खोबणीत रुतलं की त्यानं सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेत राहतं. नाक पूर्ण बंद व्हायची गरजच नसते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अशा गाद्यांवर बंदी आली. २०२२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं डोक्याला आकार देणाऱ्या उशाही वापरू नका, असा इशारा दिला.

आता तुमच्या कामाचं. साहित्याचा आढावा म्हणजे पहिल्या प्रकरणाचा सोपस्कार नव्हे. या गोष्टीत नवा प्रयोग कमी पडला नव्हता, असलेलं एकत्र मांडणारं कुणी नव्हतं. म्हणून निबंध वाचताना शीर्षक आणि सारांशावर थांबू नका, तक्ते बघा. 'पटतं' आणि 'दिसलं' या दोन गोष्टी वहीत वेगळ्या रकान्यांत लिहा. आणि मागे वळून दोष देताना सांभाळा. कॉक्रेन संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे इयन चॅमर्स यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तरुणपणी स्पॉक यांचा सल्ला त्यांनीही पालकांना दिला होता. हेतू चांगला होता. हेतू पुरला नाही.

आणि हो, घरी कुणी विचारलं तर सांगा: पहिलं वर्षभर उशी नको, मोहरीचीसुद्धा नको. बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, तोंडाजवळ दुपट्यांचा ढीग नाही. डोकं चपटं होण्याची काळजी असेल तर जागेपणी, आपण समोर बसून, बाळाला थोडा वेळ पालथं खेळवा. आजीशी वाद घालू नका. तिला विचारा, तिच्या वेळी शेजारीपाजारी किती बाळं गेली होती. बहुधा ती गप्प बसेल, मग एकेक नाव आठवून सांगू लागेल.