वसईच्या घंटा घाटावर

आमच्या डोंगरकडा गावाहून समुद्र फार लांब. औंढा नागनाथ मात्र जिल्ह्यातलाच, त्यामुळे ज्योतिर्लिंगं करायला निघालेली इकडची माणसं कधीतरी भीमाशंकरलाही पोचतात. तिथल्या आवारातली अवजड घंटा दिसल्याशिवाय राहत नाही. तिच्यावर क्रूस आहे.

ही घंटा वसईची. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या धास्तीने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. पुढची दोनशे वर्षं त्यांचा उत्तर कोकणचा कारभार इथूनच चाले. किल्ल्यात चर्चं आणि मठ उभे राहिले. पेशव्यांचे भाऊ चिमाजीअप्पा यांची मराठा फौज १७३७ मध्ये साष्टीत उतरली आणि मे १७३९ मध्ये, तटाला सुरुंग लावून, तिने वसई घेतली. फिरंगी शिबंदीला सामानसुमानासह जाऊ दिलं गेलं. घंटा मराठ्यांना मिळाल्या.

विजयाची खूण म्हणून त्या लगोलग देवळांत टांगल्या, असं सांगतात. सन बघितले तर हे तितकंसं जुळत नाही. नाशिकच्या गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ १७४७ चं. त्याच्या नदीकडच्या तटावरच्या घंटेवर १७२१ साल आहे. (नाशकात खणखणीत आवाजाच्या बाईला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती हीच.) अशीच घंटा असलेलं नसरापूरचं बनेश्वर १७४९ चं. वाईजवळच्या मेणवलीची गोष्ट तर आणखी पुढची. तिथे कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, साडेसहाशे किलोंची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे. आणि नानांचा जन्मच १७४२ चा, वसई पडल्यावर तीन वर्षांनी! म्हणजे ही घंटा रणांगणावरून थेट मेणवलीला आलेली नाही; मधली बरीच वर्षं ती कुणाच्या तरी ताब्यात होती. मला वाटतं, मोठी देवळं जसजशी उभी राहिली तसतशी या घंटांना जागा मिळत गेली. एवढ्या धातूच्या तोफा सहज ओतता आल्या असत्या. ते तर झालं नाहीच, मेरीची आकृतीही कुणी घासून काढली नाही.

वसईशी ताडून पाहावं असं, चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव हे याच पोर्तुगीज राज्याचं दुसरं टोक. पोर्तुगीज तिथे १५५७ पासून होते, आणि १८४४ पर्यंत मकाववर हुकूम चाले तो गोव्याचा. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी लष्कराने मुक्त केला. मकाव २० डिसेंबर १९९९ रोजी चीनकडे गेलं, तेही १९८७ च्या करारानुसार, बारा वर्षं आधी ठरवून. त्यामुळे तिथे झेंडा बदलला, बाकी सगळं जागच्या जागी. सेंट पॉलच्या चर्चचा आगीतून वाचलेला दर्शनी भाग तर आज शहराची ओळख आहे. वसई लढून घेतलेली. तिथल्या भिंती तेवढ्या किल्ल्यात राहिल्या, घंटा सह्याद्री चढून वर आल्या. वसईची ख्रिस्ती माणसंही मागेच राहिली, आणि आजही आहेत.

वसई मात्र मराठ्यांकडे टिकली नाही. १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांच्या गॉडार्डने ती घेतली. सालबाईच्या तहाने परत मिळाली. मग ३१ डिसेंबर १८०२ रोजी चिमाजीअप्पांच्याच घराण्यातल्या दुसऱ्या बाजीरावाने त्याच वसईत बसून इंग्रजांची तैनाती फौज कबूल केली. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, किल्ला इंग्रजांचा झाला. मेणवली-नाशिकच्या घंटांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.