एक अंगरखा उसवताना

लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण या व्यासपीठावरून पुष्कळ ऐकला आहे. आज आम्ही सांगणार आहो तो सुईदोऱ्याचा आहे, आणि तोही अपुरा; कारण ज्या अंगरख्याविषयी बोलायचे, तो गेली दोन वर्षे आमच्या घरी अजून शिवून व्हायचाच आहे.

याचा उगम शाळेच्या एका स्नेहसंमेलनात झाला. आमच्या नातवाला पेशवाईतील सरदाराचे काम मिळाले. पोशाख भाड्याने आणला : तांबडी मखमल, खोटी जर, पुढे पितळी बटणांची रांग. नातवाने आवेशाने तलवार उगारली मात्र, आणि सगळा अंगरखा पोटापर्यंत वर सरकला. सभागृह खळखळून हसले. आम्हांला मात्र प्रश्न पडला, की ज्यांचे निम्मे आयुष्य घोड्यावर गेले ते लोक असल्या कपड्यात हात तरी कसा उचलीत असतील?

तेव्हा अंगरखा घरीच शिवायचे ठरले. पहिल्या खेपेस शर्टासारखाच मुंढा गोल बेतला आणि यंत्रावर चार दिवसांत काम उरकले. हात उचलताच पुन्हा तोच प्रकार! अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममधील जुन्या पोशाखांवर बी. एन. गोस्वामी यांचा १९९३ सालचा ग्रंथ आहे. तो चाळताना, आणि पुढे संग्रहालयांतून काचेमागचे कपडे न्याहाळताना, थोडा उलगडा झाला. जुना शिंपी मुंढा गोल कापीतच नाही. अंगाचा भाग सरळ, बाहीही सरळ, आणि दोहोंच्या सांध्यात, अगदी बगलेखाली, एक लहानसा चौकोनी तुकडा कोनावर उभा बसविलेला. हात खाली असला की तो घडी होऊन दडतो. हात वर गेला की उघडतो, आणि अंगाचा भाग जागचा हलत नाही. तळहाताएवढ्या त्या तुकड्यात आमच्या प्रश्नाचे उत्तर होते.

घेराच्या कळ्यांचेही तसेच. लांब पट्टी तिरकी कापली की तिच्या दोन कळ्या होतात. एक खालीवर फिरवून दुसरीशेजारी लावावी, चिंधीसुद्धा वाया जात नाही. सूत हाताने कातलेले, हातमागाचा पन्हा अरुंद. अशा कापडावर गोल कात्री चालविणे म्हणजे कोष्ट्याची मेहनत केरात लोटणे. हा बेत कोणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो मागावरच ठरलेला आहे. बखरकार हे लिहीत नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही, कारण जे रोज अंगावर असते ते लिहून ठेवावेसे कोणाला वाटते?

इंग्लंडात जॅनेट अर्नोल्ड या विदुषीने १९६४ साली संग्रहालयांतील स्त्रियांच्या जुन्या पोशाखांची मापे घेऊन त्यांचे बेत आखून प्रसिद्ध केले. पुढे तिकडच्या हौशी मंडळींना त्यांवरून घरबसल्या ते पोशाख शिवता येऊ लागले. आमच्याजवळ अशी वही नव्हती. आमची वही म्हणजे आमच्या आत्याबाई. वय ब्याऐंशी, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, पण धावदोरा असा घालतात की पट्टीने आखल्यासारखा. एलियास हाउ याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले ते १८४६ साली. त्याआधीचे सारे हातशिलाईचे, हे त्यांना कळताच त्यांनी आमचे यंत्र झाकून ठेवविले. मलमलीला यंत्राच्या टिपेने सुरकुत्या पडत होत्या, त्या हातशिलाईत पडल्या नाहीत. मात्र दिवसाकाठी वीतभर काम झाले तर पुष्कळ.

अशा रीतीने अंग झाले, छातीवरील गोल गळ्यामागचा पडदा झाला, बंद लागले. बंद आम्ही उजव्या बाजूस लावले होते, कारण एका पुस्तकात छापलेल्या तीन स्वारांच्या चित्रात ते तसे होते. शाळेने प्रदर्शनात मांडण्यासाठी अंगरखा मागितला होता; ‘अठराव्या शतकातील पद्धतीचा’ अशी चिठ्ठीसुद्धा आम्ही लिहून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी आत्याबाई भिंग घेऊन ते चित्र पाहत बसल्या आणि म्हणाल्या, “काय रे, हे तिघेही डावखुरे होते का?”

पाहतो तो तिघांच्याही तलवारी उजव्या कमरेला! छापताना चित्रच उलटे झाले होते. म्हणजे मूळ चित्रात बंद डावीकडे.

फरक कोणाला क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. ‘ऐने अकबरी’त अबुल फजलाने नोंद केली आहे, की तकौचिया नावाचा हिंदुस्थानी धर्तीचा अंगरखा पूर्वी डावीकडे बांधीत, तो अकबराने गोल घेराचा करून उजवीकडे बांधण्यास सांगितले. पुढेही मुसलमान उजवीकडे व हिंदू डावीकडे बंद बांधीत, आणि जुन्या चित्रांतील माणसे ओळखताना अभ्यासक ही खूण पाहतात. आमचा अंगरखा चिठ्ठीसह काचेत गेला असता, तर एका छापखान्याची चूक आम्ही पुराव्याच्या पदवीला चढविली असती. आणि उद्या कोणी त्याचाही फोटो घेतला असता!

शाळेला नकार कळविला. “तू उसव, मी शिवते,” आत्याबाई म्हणाल्या. उसवणे शिवण्याहून अवघड, हे आम्हांला त्या आठवड्यात समजले. मलमल फाटू न देता एकेक टाका कापावा लागतो. बंद आता डावीकडे आले आहेत. पडदा पुन्हा बसविला आहे. उजवी बाही लागली, डावी राहिली आहे.

दरम्यान नातू चांगला वीतभर उंच झाला. परवा उजवी बाही घालून पाहिली. ती हाताहून लांब ठेवून मनगटापासून वर चुण्या पाडायची, ही जुनी रीत आम्ही पाळली होती. चुण्या बऱ्याच कमी झाल्या आहेत, पण बाही अजून मनगटापर्यंत पोचते.