चारची मॅच

रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला रावेतच्या मुकाई चौकात आमची गाडी उभी राहते. एक जण आकुर्डीहून येतो, दुसरा चिंचवडगावातून आणि तिसरा चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट, कंपनीच्या गणवेशातच. तो मागच्या सीटवर डोकं टेकतो, ते खंबाटकी उतरेपर्यंत उठत नाही. रावेतहून कोल्हापूर साधारण अडीचशे किलोमीटर. फुटबॉलची मॅच दुपारी चारची. वाटेत एकदा चहा, कराडला पोटाला काहीतरी आणि किणीचा टोलनाका मागे पडला की गाडीत कुणी कामाचं बोलत नाही. परत रावेतला पोचायला रात्रीचे बारा-एक होतात. सोमवारी पुन्हा सकाळची पाळी.

हिवाळा लागल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत, महिन्यातून एकदा तरी, हे गेली बारा वर्षं चाललं आहे. करोनाचा काळ तेवढा सोडून. मार्च २०२० मध्ये मोसम अर्ध्यावर थांबला तेव्हा आम्ही चौघं फोनवर जुन्या मॅचेस आठवत बसायचो. सोसायटीतले शेजारी विचारतात, "तालमीची मॅच बघायला एवढ्या लांब?" त्यांना उत्तर द्यायचं तर आजोबांपासून सुरुवात करावी लागते.

आजोबा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ती गिरणी. तिच्या भोंग्यावर आमच्या मंगळवार पेठेतली घड्याळं लागायची. मी शाळेत होतो तेव्हा आजोबांचे गुडघे गेले होते, पण मोसम सुरू झाला की मॅचच्या दिवशी दुपारी तीनलाच ते धोतर नेसून, टोपी घालून उंबऱ्यात तयार बसायचे. मी त्यांना हाताला धरून न्यायचं, हा आमचा करार होता.

"मॅच चारलाच का असती, ठाऊक हाय का?" ते दरवेळी विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. "पहिली पाळी सुटल्याबिगर पेठ गोळा हुतीय व्हय?"

इतिहासाच्या पुस्तकात हे कारण छापलेलं मी पाहिलेलं नाही. पण पुढे वाचनात आलं की ब्रिटनमध्येही असंच घडलं होतं. १८५०च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांतल्या कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सुटी मिळाली. हात-तोंड धुऊन माणूस मैदानावर पोचायला तासभर धरा. तिथली शनिवारची तीनची मॅच त्यातून आली. हे वाचलं तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सांगायला मिळालं असतं तर त्यांना ते फार आवडलं असतं.

१९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, स्थापन झाली, तेव्हा आजोबा दहा वर्षांचे होते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीचं ते शेवटचं वर्ष. पेठांमध्ये तालमी आधीपासून होत्या. लाल मातीचा हौद, मुदगल, जोर-बैठका आणि खुराकाला दूध-बदाम. त्याच तालमीतली पोरं संध्याकाळी चेंडूमागे धावू लागली. म्हणून कोल्हापुरात फुटबॉलच्या संघाला आजही तालीम म्हणतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी ही मंडळं आणि क्लब. गणपती बसवते ती तालीम, मोहरमात पंजे बसवते तीही तालीम आणि मॅच जिंकते-हरते तीही तालीमच. आमची यातली कुठली, ते इथे सांगत नाही. मला एका पेठेचं नव्हे, सगळ्या पेठांचं सांगायचं आहे.

आजोबांचा चेंडू वेगळा होता. आत ब्लॅडर, वर जाड चामडं आणि तोंड चामडी दोरीनं आवळलेलं. पावसात भिजला की दगडासारखा जड. हेड मारताना दोरीची बाजू लागली तर कपाळ सोलून निघायचं. बूट फार थोड्यांकडे, बाकीचे अनवाणी. घोट्याला चिंधी बांधायची आणि उतरायचं. गांधी मैदानात मॅच असली की भोवतीच्या झाडांच्या फांद्या माणसांनी वाकायच्या. हे गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. आजचं शाहू स्टेडियमही रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी उभं आहे. आजोबा म्हणायचे, "कोल्हापूरचा फुटबॉल पाण्यावर उभा हाय, म्हणून सुकत न्हाई."

मॅच फक्त गावातच नसायच्या. गडहिंग्लज, मिरज, बेळगाव इथल्या स्पर्धांना तालीम जायची आणि तिच्यामागे पेठ जायची. एसटीला पैसे नसायचे. गूळ पोचवायला निघालेला ट्रक गाठायचा, गुळाच्या रव्यांवर पोती टाकून बसायचं. मे महिन्याच्या उन्हात खालचा गूळ पाझरायचा आणि धोतरं चिकट व्हायची. आजोबा एकदा असे गडहिंग्लजला गेले, तालीम हरली, परतीचा ट्रक मिळाला नाही. मग तीस-पस्तीस माणसं रात्रभर चालत निघाली. पहाटे कुठल्याशा गावात एका म्हातारीनं सगळ्यांना ताक पाजलं आणि विचारलं, "दिंडी कुठली रं ही?" कुणालाच उत्तर सुचलं नाही. ही गोष्ट सांगताना आजोबा दरवेळी तिथेच थांबायचे.

आजीनं आयुष्यात एकही मॅच पाहिली नाही. त्या काळी पेठेतली बाई मैदानावर जात नव्हती, आणि ती जायला हवी होती, असं मला आज वाटतं. पण निकाल तिला सगळ्यांच्या आधी कळायचा. हलगी गल्लीच्या तोंडाला आली की चुलीवर जास्तीचं आधण ठेवायचं, कारण दहा-बारा माणसं चहाला येणार. हलगी वाजलीच नाही, पोरं मागच्या बोळातून एकेक करून घरी परतू लागली, की ती मुकाट्यानं ताट वाढायची आणि कुणालाही काही विचारायची नाही.

मॅचसाठी आजोबा गिरणीत पाळी बदलून घ्यायचे, ते मी पुढे जसंच्या तसं गिरवलं. आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक स्कॉटिश इंजिनिअर तीन महिने आले होते. त्यांनाही दर शनिवारी रात्री लवकर निघायचं असायचं. त्यांच्या गावच्या क्लबची मॅच आपल्याकडच्या रात्री सुरू होते. क्लब आर्ब्रोथ, उत्तर समुद्राच्या काठावरचं लहानसं बंदर. मैदान समुद्राला इतकं खेटून की भरतीला लाटेचे तुषार प्रेक्षकांवर येतात. १२ सप्टेंबर १८८५ रोजी याच क्लबनं बॉन अकॉर्ड संघाला ३६-० असं हरवलं होतं. तो आकडा ते वडिलोपार्जित दागिना दाखवावा तसा सांगायचे. पण त्यांचे डोळे भरून यायचे ते २०२१-२२च्या मोसमाबद्दल बोलताना. दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी सराव करणारे खेळाडू, समोर पूर्णवेळ व्यावसायिक संघ आणि तरी आर्ब्रोथ वरच्या श्रेणीच्या उंबरठ्यापर्यंत गेला. किल्मारनॉकपेक्षा दोन गुण कमी पडले. त्या मोसमात स्कॉटलंडच्या हिवाळ्यात ते मॅचमागून मॅच गाडी हाणत होते. मी त्यांना गुळाच्या ट्रकची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे मासळीचा ट्रक होता."

मग मी त्यांना महंमद सलीमबद्दल सांगितलं. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा हा खेळाडू १९३६ साली ग्लासगोच्या सेल्टिककडून खेळला, अनवाणी, पायाला बँडेज गुंडाळून. तेही त्यांना माहीत होतं. त्यांनी उलट मला ड्युरँड चषकाची गोष्ट सांगितली. १८८८ साली सिमल्यात पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्यातल्या दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या: रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री. हा खेळ आपल्याकडे पलटणींबरोबर आला. छावणीतून तो तालमीत कसा शिरला, याचा सलग इतिहास कुणीतरी लिहायला हवा. म्हातारी माणसं आहेत तोवर लिहायला हवा.

रावेतच्या जुन्या गावठाणात एक आबा आहेत. पवनेकाठी त्यांची शेती होती, आता तिथे इमारती आहेत. त्यांना मी पहिल्यांदा कोल्हापूरचं सांगितलं, तेव्हा जराही आश्चर्य वाटलं नाही. "आमी बी गाड्यामागं असंच फिरायचो की," ते म्हणाले. गाडा म्हणजे बैलगाडा. मावळ, खेड, जुन्नर, जिथे शर्यतीचा घाट भरेल तिथे. गावाची बारी लागली की हजार माणसं धुळीत उभी. घाटाचा राजा ठरलेल्या बैलाला गावभर मिरवायचं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मला आबांसारखं ठाम बोलता येत नाही. पण बंदीच्या त्या सात वर्षांत चैत्रातल्या जत्रांना गेलं की पाय आपसूक घाटाकडे वळायचे, हे ते सांगतात तेव्हा मला मार्च २०२०चं रिकामं शाहू स्टेडियम आठवतं.

रावेतहून निघालं की दहा-पंधरा मिनिटांत, मुळा ओलांडली की बालेवाडीचं क्रीडासंकुल येतं. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, भव्य. मी रावेतला आलो तेव्हा मला वाटलं होतं की आता माझं मैदान हेच. पुणे एफसी २००७ साली सुरू झाला होता आणि २०१२-१३च्या आय-लीगमध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. २०१५ मध्ये तो बंद झाला. भारत एफसी एकच मोसम टिकला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळला. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत पोचला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाला गेली.

या संघांच्या मॅचेस मी पाहिल्या आहेत. पुणे सिटीची ऑरेंज आर्मी नव्वद मिनिटं ढोल थांबवायची नाही. त्या पोरांचं प्रेम आमच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं. कमी होतं ते एवढंच की संघ त्यांचा नव्हता. खेळाडू उत्तम होते, प्रशिक्षक परदेशी होते, गवत हिरवंगार होतं, पण मालकानं हात आखडता घेतला तेव्हा संघ कुणाच्या दारात उभा राहणार? तालमीवर अशी वेळ आली की पेठेतली माणसं वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरतात. किराणावाला, रिक्षावाला, डॉक्टर, जो तो आपापल्या ऐपतीनं पावती फाडतो. एखाद्या पोराचा गुडघा निखळला तर ऑपरेशनचे पैसेही असेच उभे राहतात. मी रावेतहून पाठवतो. वर्षाला एक पावती, तिच्यावर माझं नाव आणि कंसात "रावेत". आजोबांच्या पावत्या आजही घरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, चार आणे, आठ आण्यांच्या.

सगळं गोड आहे असं नाही. दगड पडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. दोन पेठांची पोरं स्टेडियमबाहेर भिडली, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, मॅच थांबली, आणि शेजारच्या घरातली लेकरं खिडक्या लावून रडत बसली, हे पाहिलं आहे. त्या दिवशी आम्ही चौघं परतीच्या अडीचशे किलोमीटरमध्ये एकमेकांशी चार वाक्यंही बोललो नाही. ईर्ष्या हवीच. ईर्ष्येशिवाय तालीम नाही. पण ज्या पोराला आपण शिवी घालतो, तोच उद्या जिल्ह्याकडून, राज्याकडून खेळताना आपला असतो. अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हा तो कुठल्या पेठेतला, हे कोल्हापुरात कुणी विचारलं नाही. सगळं गाव टीव्हीसमोर होतं. ती संध्याकाळ दगड उचलणाऱ्यानं आठवावी.

गेल्या मोसमात लेकीनं हट्ट धरला, "बाबा, मी पण येणार." ती रावेतलाच जन्मली, कोल्हापूर तिच्या लेखी उन्हाळ्याच्या सुट्टीचं गाव. शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर ती माझ्या आणि चुलत्यांच्या मध्ये बसली. चुलते आता पंच्याहत्तरीचे आहेत, आजोबांची जागा त्यांनीच धरली आहे. मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्यांनी तिला विचारलं, "मॅच चारलाच का असती, ठाऊक हाय का गं?"

"पहिली पाळी सुटल्याशिवाय पेठ गोळा होत नाही म्हणून," ती म्हणाली. मी तिला हे कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही.

आम्ही १-० नं हरलो. गोल शेवटच्या पाच मिनिटांत बसला. गल्लीत हलगी वाजली नाही, आणि घरी काकूंनी काही न विचारता ताटं वाढली.

यंदा तिची दहावी आहे, म्हणून गाडीतली पाचवी जागा रिकामी आहे. तुमची पेठ कुठलीही असो, तालीम कुठलीही असो, किंवा कुठलीच नसो, चालेल. रविवारी सकाळी सातला मुकाई चौकात या.